चहा बरा होता

पत्र (थोडक्यात): माझा धाकटा भाऊ, वय ३८, सावद्याजवळच्या गावी केळी करतो. चौदा वर्षं प्यायला. व्यसनमुक्ती केंद्रातून येऊन दोन महिने झाले. ‘ए.ए.ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) मिटिंग धरा’ असं तिथे सांगितलं होतं. आखाजीला माहेरी गेले तेव्हापासून मीच मागे लागले आहे. चार मिटिंगा दाखवल्या. खुल्या होत्या, म्हणून मीही बसले. जळगावला एकीकडे देव-देव फार, दुसरीकडे सगळे साठीपुढचे. मोबाइलवरच्या मिटिंगमध्ये निम्म्यांचे चेहरेच दिसेनात. भुसावळला तर आमचा माल नेणारा केळीचा व्यापारीच समोर! शिवाय मी डब्यात टाकलेली पाचशेची नोट त्यांनी परत केली, ते फार लागलं. तिथल्या एका काकांनी नंबर दिला, तो माझ्याकडे आहे. भाऊ काही बोलत नाही. भुसावळहून येताना एवढंच म्हणाला, चहा बरा होता. पुन्हा प्यायला तर खोलीत कोंडायचं ठरवलंय. नाशिक-पुण्याची एखादी खात्रीची मिटिंग सुचवा. — एक ताई

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात भाऊ एकदाच बोलला आहे. तीन शब्द. तेही तुम्ही जाता जाता लिहिले आहेत, जणू बघा, याला काही गांभीर्यच नाही.

बाकीची नापसंती कुणाची? देव-देव तुम्हाला जास्त झाला, म्हातारे तुम्हाला खटकले, नोट तुमची परत आली. माय वं! मुलगी बघायला चार घरं फिरलात आणि नवरदेवाला विचारायचंच राहिलं.

चौदा वर्षं दिवेलागणीला या माणसाचे पाय एकाच दिशेला वळत होते. त्या वेळेला हातात ग्लास, समोर चकणा, आजूबाजूला त्याच्याच पैशाने पिणारे चार जण. भुसावळला मिटिंग भरली त्या शाळेच्या वर्गात त्याच वेळेला कुणीतरी त्याला चहाचा कप दिला. अशा ठिकाणी नव्या माणसाचा कप कधीकधी अर्धाच भरतात. हात थरथरला की भरलेला कप सांडतो, हे ओतणाऱ्याला स्वतःवरून ठाऊक असतं. बाहेर भुसावळचा उकाडा, भिंतीसुद्धा तापलेल्या, आणि तुमचा भाऊ म्हणतो चहा बरा होता. लहान मुलांच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेल्या अनोळखी माणसांत तो कप संपेपर्यंत थांबला. तुम्ही शोधताय ती मिटिंग त्याला सापडली आहे.

ए.ए.ची सुरुवातही अशीच, दोन माणसांच्या बसण्यातून झाली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक धंदेवाईक माणूस सौदा फसल्यावर हॉटेलात एकटा पडला. समोर बार. तिकडे पाय वळू नयेत म्हणून त्याने फोन फिरवत बोलायला दुसरा दारुडा शोधला. तो भेटला डॉक्टर बॉब. पंधरा मिनिटंच बसेन असं ठरवून आलेला डॉक्टर रात्री उशिरापर्यंत उठला नाही. ना चांगला हॉल, ना बरोबरीच्या वयाची मंडळी. पिणाऱ्याशी पिणारा बोलला, एवढंच.

आता तो व्यापारी. तुमच्या मते तीच मोठी अडचण. ताई, तो तिथे घडांचा भाव पाडायला आला नव्हता, तुमच्या भावाला जे झालंय तेच घेऊन आला होता. तुम्ही त्याला ओळखलंत तसं त्यानेही तुम्हाला ओळखलं, आणि तो गप्प राहिला. ‘इथे ऐकलेलं इथेच’ हा तिथला नियम. तुम्ही मात्र मला त्याचं आडनावसुद्धा लिहून पाठवलंत. मी ते खोडलं. खरं सांगते, तुमच्या पत्रातला राग येण्यासारखा भाग मला हाच वाटला.

नोटेचं मनाला लावून घेऊ नका. ए.ए. फी घेत नाही आणि बाहेरच्यांचा पैसाही घेत नाही, खर्च सदस्यच खिशातून भागवतात. तुम्ही पीत नाही, म्हणून तुमचे पाचशे परत आले. देवाचं म्हणाल तर ‘ज्याला जसा उमगला तसा’ इतकीच मोकळीक तिथे आहे, नास्तिकही बसतात. आत यायला अट एकच, पिणं थांबवायची इच्छा. ती भावाची असायला हवी.

कोंडण्याचा बेत आजच सोडा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, जीवही जातो. तसं झालं तर कुलूप शोधत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. रस्ता सुचेनासा झाला तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची मोफत हेल्पलाइन आहे. आणि घसरला तर सगळं संपलं असं घर डोक्यावर घेऊ नका. डॉक्टर बॉबसुद्धा त्या भेटीनंतर एकदा प्यायला होता. ए.ए. मानते त्याप्रमाणे १० जून १९३५ ला घेतलेला घोट त्याचा शेवटचा.

नाशिक नको, पुणे नको. पुढच्या मिटिंगला भाऊ भुसावळला जाईल, एकटा, एस.टी.ने. बंद मिटिंग असेल तर उत्तमच, तिथे पिणाऱ्यांशिवाय कुणाला प्रवेश नसतो, म्हणजे तुमचा मोह आपोआप मिटेल. काकांचा नंबर आज त्याच्या मोबाइलमध्ये जाऊ द्या आणि तुमच्यातून काढून टाका. फोन त्यानेच करायचा. नाही केला तर तुम्ही करायचा नाही. ती संध्याकाळ रिकामी वाटली तर घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मिटिंगा असतात. तिथे तुम्ही बसा, तिथे तुमचा चहा.

परत आल्यावर आत काय बोलणं झालं ते विचारू नका. फार तर चहाचं विचारा.