बाबांच्या निकॉनची लेन्स नव्या मिररलेसवर

प्रश्न : काका, माझ्या बाबांकडे निकॉनचा रोलवाला कॅमेरा होता. तो बंद पडला, पण त्याची ५० एमएम एफ १.८ लेन्स अजून चकाचक आहे. मी नुकताच सोनीचा ए-६४०० घेतला. बर्डीवरच्या एका दुकानात विचारलं तर ‘निकॉनची लेन्स सोनीला लागतच नाही, नवी घ्या’ म्हणाले. ऑनलाइन मात्र ढिगानं अडॅप्टर दिसतात आणि एकाच्या दहापट दुसऱ्याची किंमत. कोणता घेऊ?
– एक विद्यार्थिनी, धरमपेठ, नागपूर

उत्तर : लागते. दुकानदाराला लेन्स विकायची होती, अडॅप्टर नाही. आता अडॅप्टर घेताना स्वस्तातलाच घे, फक्त परत करता येईल अशा ठिकाणाहून घे.

हे जमतं कसं, ते आधी समजून घे, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळेल. एसएलआर कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्मच्या मधे आरसा वरखाली व्हायचा. त्याला जागा हवी म्हणून निकॉनच्या एफ माउंटमध्ये, म्हणजे लेन्स अडकवायच्या खाचेत, तो १९५९ चा, लेन्स टेकते तिथून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर आहे. तुझ्या सोनीत आरसाच नाही, त्यामुळे ते अंतर १८ मिलिमीटरवर आलं. मधले २८.५ मिलिमीटर भरून काढणारं पोकळ कडं म्हणजे तुझा अडॅप्टर. पंगतीत ठेंगण्या पोराखाली पाट सरकवतात, त्यातलाच प्रकार. त्यात ना काच, ना मोटर, ना वायर. महागड्या अडॅप्टरमधलं इलेक्ट्रॉनिक्स या लेन्सशी बोलणार तरी काय? तिच्यात सगळं हातानंच फिरतं.

स्वस्त कड्यात एक गोष्ट मात्र बघून घ्यावी लागते, ती म्हणजे जाडी. बहुतेक कारखानदार ते मुद्दाम केसभर कमी जाडीचं करतात. मग लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या फोकसच्या, थोडी पलीकडेही फिरते आणि रिंगवरच्या अंतराच्या खुणा जुळत नाहीत. त्यानं काही बिघडत नाही, कारण तू खुणा बघून नाही, स्क्रीन बघून फोकस करणार आहेस. कडं जास्त जाड निघालं तर मात्र लांबचं काहीच कधी स्पष्ट येणार नाही. रात्री गच्चीवर जा, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं छिद्र, १.८ वर ठेव आणि दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा स्क्रीनवर मोठा करून बघ. रिंग अनंताकडे नेताना दिवा आधी टोकदार झाला आणि मग पुन्हा फुगला, तर अडॅप्टर ठीक. शेवटपर्यंत फुगलेलाच राहिला, तर दुसऱ्याच दिवशी परत पाठव. लेन्स बसवून हलकेच हलवूनही बघ. खुळखुळत असेल तर तेही नको. आतली भिंत चकाकत असली तर आपल्याकडच्या दुपारच्या उन्हात फोटो पांढुरका येतो. त्यावर उपाय सोपा आहे, आत काळ्या मखमली कागदाची पट्टी चिकटवायची.

आता कॅमेऱ्याचं. अडॅप्टर लावलास की सोनीला लेन्स आहे हेच कळत नाही आणि शटर दाबलं तरी ते उडत नाही. पुष्कळ जण इथंच घाबरून अडॅप्टर परत करतात. मेनूत जाऊन ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू कर, झालं. स्क्रीनवर एफच्या पुढे आकड्याऐवजी दोन रेघा दिसतील, तो बिघाड नव्हे. मोड ‘ए’ वर ठेव. ॲपर्चर तू लेन्सच्या रिंगनं ठरवायचं, शटर स्पीड कॅमेरा ठरवेल. या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणून ५० ची लेन्स तुला ७५ सारखी जवळची दिसेल. माणसांच्या चेहऱ्यांना उत्तम, घरातल्या गर्दीच्या फोटोला कामाची नाही. ए-६४०० च्या बॉडीत हाताची थरथर सावरायची सोय नाही आणि या लेन्समध्येही नाही, त्यामुळे शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नकोस.

फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडांवर रंग चमकतो ते, चालू कर, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नकोस. एफ १.८ ला ते नाक, डोळा, कान सगळंच रंगवून दाखवतं आणि खरं स्पष्ट असतं त्यातलं एकच. पीकिंगनं अंदाज घे आणि मग स्क्रीन मोठी करून पापणीवर रिंग फिरव. रंगही विचार करून निवड. तान्ह्या पोळ्याला इतवारीत मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे फोटो काढायला गेलीस आणि पीकिंग पिवळ्यावर असलं, तर पिवळ्या मारबतीवर काय कप्पाळ दिसणार! तिथे लाल. संत्र्यांच्या ढिगाऱ्यासमोर पांढरा.

मारबतीच्या मिरवणुकीत धावत्या पोरांमागे मात्र ही लेन्स घेऊन पळू नकोस. गल्लीच्या तोंडाशी उभी राहा, समोरच्या एका ओट्यावर आधीच फोकस करून ठेव, ॲपर्चर ८ वर ने, आणि लोक तिथे आले की दाब. आम्ही रोलवर असंच काढत होतो आणि आम्हाला बरं जमायचं.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनची ‘जी’ लेन्स आहे, मित्राकडे कॅननची ईएफ. दोन्ही अशाच साध्या अडॅप्टरवर चालतील का?
– एक वाचक, मनीष नगर

उत्तर : तुमच्या ‘जी’ लेन्सला ॲपर्चरची रिंगच नाही. साध्या कड्यावर ती सगळ्यात बारीक छिद्रावर जाऊन बसेल आणि घरात काळाकुट्ट फोटो येईल. तिच्यासाठी स्वतःची रिंग असलेला अडॅप्टर मिळतो, तो लेन्सची मागची दांडी ढकलतो. त्यावर आकडे नसतात, अंदाजानं फिरवायचं. मित्राच्या ईएफचं ॲपर्चर विजेवर चालतं, १९८७ पासूनच. साधं कडं तिथे बिनकामाचं. त्यांची बॉडी कॅननच्याच आरएफ माउंटची असेल तर कंपनीचा अडॅप्टर घ्यावा, ऑटोफोकससकट सगळं चालतं. इथे पैसे वाचवू नका.

प्रश्न : निकॉनचा मिररलेस झेड-५० घेतला. जुनी ८०-२०० एएफ-डी लेन्स निकॉनच्याच एफटीझेड अडॅप्टरवर लावून पेंचला न्यायचा विचार आहे. ऑटोफोकस चालेल ना?
– एक वाचक, कामठी

उत्तर : नाही चालणार. एएफ-डी लेन्सच्या पोटात मोटर नसते. जुन्या बॉडीतली मोटर एका बारीक स्क्रूनं ती फिरवायची. एफटीझेडमध्ये ना ती मोटर, ना तो स्क्रू. उजेड मोजणारं मीटर चालेल, ॲपर्चर कॅमेऱ्यावरून चालेल, फोकस तेवढा हातानं. एएफ-एस, म्हणजे पोटात मोटर असलेली लेन्स असती तर प्रश्न नव्हता.

पहाटे वाघ वाटेवरून जिप्सीकडे चालत येतो तेव्हा दर पावलाला फोकस बदलतो. त्या उजेडात, २०० वर, एफ २.८ ला, इतकी जड लेन्स एका हातात तोलून रिंग फिरवायची म्हणजे हौसेलाही मर्यादा आहे. या लेन्सवर जीव असेल तर तिच्यासाठी जुनी डी-७००० बॉडी सेकंडहँड बघा, तिच्यात मोटर आहे. डी-३००० आणि डी-५००० मालिकेतल्या बॉडीत नाही, विकणारा काहीही म्हणो. झेड-५० वर ही लेन्स फुटाळा तलावावर संध्याकाळी वापरा.

प्रश्न : सेकंडहँड जुनी लेन्स बघतोय. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आहे असं दिसलं. सोडून द्यावी का?
– एक वाचक, नंदनवन

उत्तर : आपल्या गावात हे दिसणारच. फोकसच्या आट्यांना लावलेलं ग्रीस ४५ अंशांच्या मे महिन्यात पातळ होतं आणि झिरपत पात्यांवर येतं. गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेली लेन्स तर हमखास.

पण तुम्ही ती अडॅप्टरवर लावणार असाल तर हा दोष निम्म्यानं हलका होतो. एसएलआरमध्ये शटर दाबल्यावर पाती डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटावी लागायची. तेलानं ती सुस्तावली की फोटो जास्त उजळ यायचा. साध्या अडॅप्टरवर पाती तुम्ही आधीच मिटवून ठेवलेली असतात, ती सावकाश मिटली तरी काय बिघडलं? फक्त चिकटून अडकलेली नसावीत. खरा धोका पुढचा आहे. तेलाची वाफ आतल्या काचांवर बसते आणि फोटोवर धुकं येतं. ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं धरा आणि पुढून तिरकं बघा. धुरकट पडदा दिसला तर सर्व्हिसिंगचा खर्च किमतीतून वजा करून बोला. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. ती काचेच्या मधोमध असेल तर सरळ नमस्कार करून निघा. कडेला एखादाच धागा असेल तर फोटोत सहसा दिसत नाही, पण तीही तुमच्या बाकीच्या लेन्सशेजारी ठेवू नका.

काच पिवळसर दिसली तर मात्र घाबरू नका. सुपर ताकुमार ५० एफ १.४ सारख्या काही लेन्समध्ये थोरियम मिसळलेली काच वापरली होती, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. किरणोत्सर्ग अगदी थोडा असतो. उशाशी घेऊन झोपायची वस्तू नाही, एवढंच. डिजिटलवर व्हाइट बॅलन्स तो पिवळेपणा काढून टाकतो, थोडा उजेड तेवढा कमी होतो. अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली काही दिवस ठेवली की काच बरीचशी निवळते. लोक उन्हातही ठेवतात. नागपुरात ते करायचंच असेल तर डिसेंबरमध्ये करा, आणि लेन्सच्या मागे कागद-कापड काही असू देऊ नका, भिंगच आहे ते. मे महिन्यात ठेवाल तर काच निवळेल आणि ग्रीस पात्यांवर येईल.