रविवारची गीते कशी निवडावीत?

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे ख्रिस्ती उपासनेतील गीतांविषयी आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्याच इच्छेवरून दिलेली नाहीत.

प्रश्न : गेल्या वर्षापासून रविवारच्या उपासनेची गीते निवडण्याचे काम पाळकसाहेबांनी माझ्याकडे सोपवले आहे. वडीलधाऱ्यांना ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील जुनी गीते हवी असतात, तर तरुण संघाला हिंदी कोरस हवे असतात. शेवटी शनिवारी रात्री पेटीवाल्यांना फोन करायचा आणि त्यांना जे वाजवता येते ते ठरवायचे, असे चालले आहे. गीते निवडण्याची काही योग्य पद्धत आहे काय?
— एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : आपण शनिवारी रात्री जे काम करता ते मंगळवारी सुरू केले, तर अर्धी अडचण तेथेच संपेल, कारण तेव्हा पाळकसाहेबांना त्या रविवारचे शास्त्रपाठ कोणते आणि उपदेशाचा विषय कोणता हे विचारता येईल. गीत म्हणजे उपासनेच्या दोन भागांमधली मोकळी जागा भरण्याची वस्तू नव्हे. ते मंडळीचे उत्तर असते. पाळक बोलतात, वाचक वाचतो, आणि या सगळ्याला सर्व मंडळी ज्या एका ठिकाणी एका आवाजात उत्तर देते ते ठिकाण म्हणजे गीत. म्हणून प्रत्येक गीतापुढे पहिला प्रश्न हा ठेवावा : मंडळी येथे कशाला उत्तर देत आहे?

हा प्रश्न विचारला की उपासनेचा क्रमच निवड सोपी करू लागतो. आरंभीचे गीत देवाकडे पाहणारे असावे. घरातून, बसमधून, गायीगुरांचे आवरून आलेली माणसे अजून एकत्र आलेली नसतात, आणि त्यांना पहिल्याच गीतात स्वतःच्या अंतःकरणाचे सूक्ष्म परीक्षण करायला लावणे बरे नव्हे. पापकबुलीनंतरचे गीत क्षमेची घोषणा ऐकून झाल्यावर येते, म्हणून तेथे पुन्हा पश्चात्तापाचेच गीत घेतले तर जणू क्षमा ऐकलीच नाही असे होते. ही चूक आपल्याकडे सर्रास होते. उपदेशानंतरच्या गीताची निवड सर्वांत अवघड असते, कारण ते उपदेशाला पुढे नेणारे हवे, त्याचा सारांश सांगणारे नको. अर्पणाच्या वेळी थैली फिरत असते आणि माणसे खिसे चाचपत असतात, त्यामुळे तेथे सर्वांना पाठ असलेले गीत घ्यावे.

प्रभुभोजनाविषयी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. शेवटच्या भोजनानंतर प्रभू आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 26व्या अध्यायात लिहिले आहे. वल्हांडण या यहुदी सणाच्या प्रथेवरून पाहता ते बायबलमधील स्तोत्रसंहितेतल्या 113 ते 118 या स्तोत्रांपैकी असावे, असे सामान्यतः मानले जाते. 118वे स्तोत्र आभारांनी सुरू होते आणि आभारांनीच संपते, आणि बांधणाऱ्यांनी नापसंत केलेला दगड कोनशिला झाला हे वाक्यही त्यातच आहे. दुसऱ्या दिवशी वधस्तंभ समोर असताना हे गायिले गेले असेल, तर भाकर आणि द्राक्षारस घेऊन परतणाऱ्या मंडळीने केवळ हळव्या सुरातच गावे, असा नियम कोठून आला हे मला कळत नाही.

यानंतर गीत चालीशिवाय वाचावे, मोठ्याने आणि सावकाश, एखादी प्रार्थना वाचावी तसे. कित्येक गीतांच्या बाबतीत चाल इतकी गोड असते की शब्द काय म्हणतात याकडे आपले वर्षानुवर्षे लक्षच गेलेले नसते. वाचताना कर्ता पाहावा. ‘मी’ किती वेळा येतो आणि ‘आम्ही’ किती वेळा? ‘मी’ला विरोध नाही, कारण स्तोत्रसंहिता ‘मी’ने भरलेली आहे. परंतु पाचही गीतांतून ‘माझे मन, माझे दुःख, माझा आनंद’ एवढेच येत असेल, तर शंभर माणसे शेजारी शेजारी बसून एकेकटी गात आहेत असे होईल.

आता जुने आणि नवे यांविषयी. हा वाद बहुधा वयाचा नसतो, गीत तोंडात बसण्याचा असतो. सुरुवातीच्या काळात मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांचे मराठी अनुवाद मूळ चालींवरच बसवले. मराठीत इंग्रजीप्रमाणे शब्दाच्या एका अक्षरावर ठरलेला जोर पडत नाही. आपल्या पद्याचा डौल ऱ्हस्व-दीर्घावर, मात्रांवर उभा असतो. परदेशी चालीतली जोराची जागा मात्र ठरलेली असते. त्या जागी ‘कृपा’ आली की ‘कृ’ लांबतो आणि ‘पा’ आखडतो, आणि ‘दया’ आली की तिचीही तीच गत होते. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर अहमदनगरला राहून जे मोठे काम केले ते हे, की ख्रिस्ती गीत मराठी छंदात, अभंगात आणि ओवीत आणून बसवले. ‘उपासना संगीता’चा मोठा भाग त्यांचा आहे आणि तो आजीला चष्म्याशिवाय म्हणता येतो, याचे कारण त्यांची भक्ती जितके आहे तितकेच त्यांचे छंदावरचे प्रभुत्वही आहे. आजचे अनेक मराठी कोरस हे इंग्रजी किंवा हिंदी कोरसांचे घाईने केलेले अनुवाद असल्यामुळे त्यांच्यात तीच जुनी खोट पुन्हा आलेली दिसते. तेव्हा तरुण संघाला ‘नवे नको’ असे सांगू नये. ‘मराठीत नीट बसणारे नवे आणा’ असे सांगावे, आणि आणलेले गीत सलग चार रविवार गाऊन पाहावे. चौथ्या रविवारी पुस्तकात न पाहता मंडळी ते गाऊ लागली तर ठेवावे.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने टाळ आणि मृदंगावर दोन अभंग बसवले. मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी ही ‘आपली’ पद्धत नाही, पूर्वजांनी मागे टाकलेल्या गोष्टी देवळात आणू नयेत, असे म्हटले. आम्ही चुकलो काय?
— एक भगिनी, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : आपण चुकलेल्या नाहीत. त्या वडीलधाऱ्यांच्या भीतीमागचे कारण मात्र समजून घेतले पाहिजे, कारण ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी मोठी किंमत देऊन ख्रिस्ताला स्वीकारले त्यांना टाळाचा आवाज केवळ संगीत म्हणून ऐकू येत नाही.

तरीही इतिहास आपल्या बाजूचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने (जेझुइट या कॅथलिक संघातील धर्मगुरूने) गोव्यात ख्रिस्तचरित्र रचले ते ओवीत. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले आणि तेथील चर्चमध्ये लोकांपुढे वाचले जात असे. म्हणजे मराठी ख्रिस्ती उपासनेत ओवीला चारशे वर्षे होऊन गेली आहेत. अहमदनगर भागात ख्रिस्ती कीर्तने एकोणिसाव्या शतकातच सुरू झाली होती. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. या सर्व माणसांना पूर्वजांचे काय टाकायचे आणि काय ठेवायचे हे कळत नव्हते, असे म्हणणे धाडसाचे होईल.

सावधगिरी एकाच ठिकाणी हवी. एखाद्या चालीला तिचे मूळ शब्द इतके घट्ट चिकटलेले असतात की नवे शब्द घातले तरी ऐकणाऱ्याच्या मनात जुनेच वाजत राहतात. प्रसिद्ध आरतीच्या किंवा गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर येशूचे नाव बसवले, तर मंडळी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे राहते. छंद घ्यावा, ताल घ्यावा, पण दुसऱ्याच्या घरची ओळखीची चाल जशीच्या तशी उचलून आणू नये.

आणखी एक गोष्ट, जी आपण विचारलेली नाही. ‘आपले संगीत’ म्हणताना आपण बहुधा अभंग आणि राग एवढेच धरतो. पण आपल्या जिल्ह्यातील अनेक मंडळ्या महार आणि मांग समाजांतून उभ्या राहिल्या. हलगी, डफ आणि संबळ ही त्या घरांची वाद्ये होती, आणि जात्यावरच्या ओव्या ही त्या घरांतील स्त्रियांची गाणी होती. संस्कृतप्रचुर पदे शिकताना ही गाणी आपण मागे सोडली, आणि ती अयोग्य आहेत असे कोणी ठरवले याचा विचार फारसा झालेला नाही. आपल्या मंडळातील सर्वांत वयस्कर भगिनीला तिच्या आजीच्या ओव्यांची चाल आठवते काय, हे एकदा विचारून पाहावे.

प्रश्न : मागच्या महिन्यात मंडळीतील एका तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली. तीनच दिवसांनी रविवार होता, आणि ठरलेली गीते आनंदाची आणि विजयाची होती. ती गाताना कोणाचाच आवाज निघेना. अशा वेळी काय गावे? पुढे महिला सभेत मला गीतावर मननही करायचे आहे, ते कसे करावे?
— एक भगिनी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : आवाज निघाला नाही हे मंडळीचे अपयश नव्हते. जी गीते तेथे खोटी ठरली असती ती मंडळीने गायिली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत कवी देवाला चार वेळा ‘कोठवर’ असे विचारतो. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटच्या ओळीत दिलासा नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आपल्या गीतसंग्रहांत मात्र विलापाला फार थोडी जागा मिळाली आहे. बहुतेक दुःखाची गीते तिसऱ्या कडव्यात घाईने आनंदाकडे वळतात. अशा रविवारी गीतांची संख्या दोनवर आणावी. पेटी बंद ठेवून एखादे विलापाचे स्तोत्र पुरुष आणि स्त्रिया यांनी आळीपाळीने वाचावे, आणि त्यानंतर काही वेळ कोणीही काहीही बोलू नये. त्या कुटुंबातील कोणी उपस्थित असेल, तर गीते ठरवण्याआधी पाळकांनी त्यांच्याशी बोलावे.

मननासाठी 23वे स्तोत्र सुचवतो. ते सर्वांना पाठ असते आणि म्हणूनच कोणी वाचत नाही. त्यात सर्वनामे पाहावीत. आरंभी ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ असे म्हणून कवी देवाविषयी बोलतो. तो मला हिरव्या कुरणात बसवतो, तो मला संथ पाण्याजवळ नेतो. वाट मृत्युच्छायेच्या दरीत उतरते आणि त्याच वचनात ‘तो’ नाहीसा होऊन ‘तू’ येतो : ‘तू माझ्याबरोबर आहेस.’ उजेडात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलू लागतो. दरी टळत नाही, शत्रूही जात नाहीत. ते पुढच्या वचनात ताटासमोर बसलेलेच आहेत.

मनन करताना एवढेच दाखवावे आणि थांबावे. गीताच्या कवीचे चरित्र, ते कोणत्या प्रसंगी लिहिले याची हृद्य कथा आणि वरून एखादा दृष्टांत, असे सगळे एकाच वेळी देऊ नये. अशा कथांपैकी कित्येक ऐकीव असतात. एक शब्द घ्यावा, तो कोठे बदलतो ते पाहावे, आणि मग मंडळाला ते स्तोत्र पुन्हा म्हणू द्यावे.

प्रश्न : आमच्या गायनवृंदाने रविवारच्या मिस्सात (कॅथलिक उपासनेत) पहिल्या वाचनानंतरच्या स्तोत्राऐवजी एक लोकप्रिय भक्तिगीत गायिले. फादरांनी हरकत घेतली. एवढे कडक असण्याचे कारण काय?
— एक वाचक, वसई

उत्तर : माझी परंपरा वेगळी आहे, तरी या बाबतीत फादर नियमाला धरून आहेत. कॅथलिक विधीत ते प्रतिसादाचे स्तोत्र वाचनांचाच एक भाग मानले जाते, आणि त्याच्या जागी दुसरे गीत घेऊ नये असे मिस्साच्या सूचनांत स्पष्ट सांगितलेले आहे. 1963 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना विधीचे दार उघडून दिले ते लोकांनी शास्त्रवचन आपल्या भाषेत ऐकावे आणि गावे म्हणूनच, आणि आपले भक्तिगीत त्याच वचनाची जागा घेत होते. प्रवेशाच्या किंवा अर्पणाच्या वेळी ते अवश्य गावे. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा शब्द न गाण्याची आपली शिस्तही अशीच आहे. पुनरुत्थानाच्या रात्री तो शब्द परत येतो तेव्हा त्याला जे वजन येते, त्याचा आम्हा प्रोटेस्टंटांना कधी कधी हेवा वाटतो.

प्रश्न : गीतांचे शब्द पडद्यावर दाखवणे, त्यांची पुस्तिका छापणे आणि उपासना यूट्यूबवर दाखवणे यांत कायद्याची अडचण येते काय? आणि आमच्याकडे उंच सुरात सगळे गप्प होतात, त्याला काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या 52व्या कलमानुसार खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गीत गाणे हा हक्कभंग होत नाही. पुस्तिका छापणे किंवा ध्वनिमुद्रित गाणे इंटरनेटवर चढवणे ही मात्र वेगळी कृती आहे, आणि तिला ती सवलत आपोआप लागू होते असे समजू नये. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर 60 वर्षे हक्क राहतो. टिळक 1919 साली वारले, त्यामुळे त्यांचे शब्द सर्वांना खुले आहेत, पण त्यांच्या गीतांना आज कोणी दिलेली नवी चाल किंवा केलेले ध्वनिमुद्रण खुले नाही. हयात कवी असेल तर एक पत्र पाठवून परवानगी मागावी. बहुतेक जण आनंदाने देतात.

सुराचे दुखणे पट्टीचे आहे. गायनमंडळातील चांगला गळा असलेली व्यक्ती आपल्या सोयीची पट्टी धरते आणि मंडळी मागे पडते. एखादे गीत तार सप्तकातील गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या ‘ग’पर्यंत, जात असेल आणि पेटीवर ‘सा’ काळी एकवर धरला असेल, तर त्या जागी पुरुषांचा आणि स्त्रियांचा दोघांचाही आवाज ताणला जातो. तेच गीत खालच्या काळी पाचवर आणले की बहुतेकांना तो स्वर गाठता येतो. गीताचा सर्वांत वरचा स्वर आधी शोधावा, तो मागच्या बाकावरच्या माणसाला निघतो काय हे पाहावे, आणि त्यावरून षड्ज, म्हणजे ‘सा’, ठरवावा.