टसर (रानरेशीम देणारा पतंग) याची मादी अंडी घालते, पण अळ्या का निघत नाहीत?
इंदूरला घरी टसरचे कोश ठेवलेत, अंडी मिळाली पण फुटली नाहीत, असं विचारलंय. बहुधा मीलनच झालं नाही. मादी नराशिवायही अंडी घालते. पण ती फळलेली नसतात, पुढे चेपतात.

नराच्या शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) रुंद, पिसासारख्या. मादीच्या अरुंद, पोट मात्र टम्म. संध्याकाळी दोघांना 2 फुटी जाळीच्या पिंजऱ्यात गच्चीवर ठेवा, दिवा बंद. काचेच्या पेटीत मादीचा गंध कोंडतो, नराला दिशाच कळत नाही. पालीपासून मात्र जपा. जोडी लागली की सकाळपर्यंत हात लावू नका. खाऊ घालायची भानगड नाही, पतंग काही खातच नाहीत.

फळलेली अंडी 8-10 दिवसांत फुटतात. अळ्यांना खायला अर्जुनाची कोवळी पानं आधीच हेरून ठेवा. पावसाआधीच्या कोरड्या हवेत कोशांवर रोज पाणी शिंपडा, नाहीतर पंख चुरगळलेलेच राहतात.