दूध साकळतं, गोठत नाही

कराडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे: चीज करताना दुधात विकर (एन्झाइम) घातलं की दूध 'गोठतं' म्हणावं की 'नासतं'?

दोन्ही नको. गोठतं ते थंडीने. हे दूध तर 30-32 अंशांवर कोमट असतं. नासणं म्हणजे वाया जाणं. सातारा-सांगलीकडे हल्ली 'दूध फाटलं'ही सर्रास कानावर येतं, ती हिंदीची उसनवारी आणखी वाईट. मुका मार बसला की रक्त साकळतं. तेच क्रियापद इथे घ्या. साकळणे हे संकलनातून आलं, म्हणजे गोळा होणं. त्याचा साखळीशी संबंध जोडणं मला मुळीच पटत नाही. शृंखलेचा ख साखळीत टिकला, तो साकळण्यातच का गळावा?

शिवाय दुधात घडतंही तेच. केसीन या दुधातल्या प्रथिनाच्या कणांवर कप्पा-केसीन या त्याच्याच एका प्रकाराची लवदार, ऋणभारित झालर असते, म्हणून ते एकमेकांना चिकटत नाहीत. कायमोसिन हे विकर कप्पा-केसीनमधल्या 105व्या आणि 106व्या अमिनो आम्लांमधला बंध तोडतं. झालर सुटते, कण उघडे पडतात आणि कॅल्शियमच्या साथीने गोळा होतात. विरजणाचं वेगळं, तिथे जिवाणूंनी केलेलं आम्ल कणांवरचा भार घालवतं.

पण मुळात 'विकर' कशाला? पाठ्यपुस्तकांनी तो रुळवला, आणि मला वाटतं, सोपेपणाच्या हौसेपायी एक रत्न फेकून दिलं. मराठीत त्यासाठी 'वितंचक' होता. त्यातला 'तञ्च्' धातू म्हणजे दाट होणं, साकळणं! दूध साकळवणारा पदार्थ तो 'आतंचन'. तैत्तिरीय संहितेत (2.5.3) यज्ञासाठी दूध कशाने विरजावं याची चर्चाच आहे: पूतीक ही वनस्पती किंवा पळसाची साल वापरली तर ते सोमाचं, बोरं वापरली तर राक्षसांचं, तांदूळ वापरले तर विश्वेदेवांचं, आतंचनाने केलं तर माणसांचं आणि दह्याने केलं तर इंद्राचं. झाडाच्या सालीने दूध साकळवण्याची नोंद इतकी जुनी! त्या सालींतही वितंचकंच काम करत असावीत, असं माझं ठाम मत आहे. 'तक्र'ही याच धातूतलं मानतात. म्हणजे आपलं रोजचं ताक आणि प्रयोगशाळेतलं वितंचक एकाच घरची. 'विकर' म्हटलं की हे नातंच तुटतं. त्यातून फक्त 'बदल करणारं' एवढंच कळतं, आणि बदल तर विस्तवही करतो.

तेव्हा लिहा: वितंचकाने दूध साकळतं.