रायगडच्या सहलीचे पैसे मुलांनी स्वतः कसे उभे करावेत?

तुम्ही विचारलंय की नागपुरातल्या तुमच्या वस्तीतल्या युवा गटाची 20 मुलं-मुली डिसेंबरात रायगडला जाणार आहेत, माणशी 4,000 खर्च येतोय, निम्म्या घरांना तो झेपणार नाही, मग मुलांनी पैसे कसे जमवावेत. मी अशाच एका गटासोबत बरीच वर्षं काम करतोय, म्हणून उत्तर देतो.

सगळ्यात आधी एक ठरवा: कमावलेले पैसे एकाच डब्यात जातील. ‘ज्याने त्याने आपापले 4,000 आणा’ असं म्हटलं की पहिल्याच आठवड्यात कोण भरू शकतो आणि कोण नाही, हे सगळ्यांना कळतं. मग एखादी मुलगी ‘माझी परीक्षा आहे’ असं सांगून नाव मागे घेते. परीक्षा वगैरे काही नसते. हे होऊ नये यासाठीच सगळी धडपड करायची.

आता आकडा खाली आणा. रायगडावर रोपवेऐवजी पायऱ्यांनी जा. या वयाच्या पोट्ट्यांना ते सहज जमतं आणि गड खरा कळतो तोही चढतानाच. एसटीत 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मं तिकीट आहे, त्यामुळे रेल्वेने पुण्याला उतरल्यावर तिथून गडाजवळचं महाड आणि परत या प्रवासात मुलींचा खर्च अर्धा. गटातली मुलं एकाच शाळेची असतील तर मुख्याध्यापकांना भेटा. शाळेची शैक्षणिक सहल म्हणून पत्र मिळालं तर रेल्वेच्या स्लीपर भाड्यात विद्यार्थी सवलत मिळते. गडावर 15 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत आहे. शिधा सोबत नेलात तर हॉटेलचा खर्चही बराच वाचतो. एवढं केल्यावर माणशी 3,000 मध्ये बसायला हरकत नाही.

म्हणजे एकूण 60,000. प्रत्येक घराकडून सारखेच 1,000 घ्या, ते हप्त्याने दिले तरी चालतील. उरले 40,000. जुलै ते नोव्हेंबर हे पाच महिने धरले तर प्रत्येक मुलामागे महिन्याला 400. हा आकडा मुलांसमोर फळ्यावर लिहा. 40,000 ऐकून मुलं गप्प होतात, 400 ऐकल्यावर कामाला लागतात. आणि ज्या घराला 1,000 सुद्धा जड आहेत, त्यांच्याशी गटातल्या एकाच मोठ्या माणसाने बोलायचं. ती गोष्ट तिथेच राहिली पाहिजे.

कामं कोणती? नागपुरात पाऊस स्थिरावला की घरोघरी एक काम अडून बसलेलं असतं: कूलर. टाकीतला गाळ काढायचा, तळाला बसलेला क्षार घासायचा, ताट्या (बाजूच्या जाळ्या) काढून वाळवायच्या, जुनी खस टाकून द्यायची, सगळं कोरडं करून झाकून ठेवायचं. वयस्कर जोडप्यांना हे जमत नाही आणि या कामाला माणूस मिळत नाही. तीन-चार मुलं आणि सोबत एक मोठा माणूस असा गट करा, कूलरमागे दर ठरवा, रविवारी एक एक गल्ली घ्या. पण नियम कडक हवा: घरमालकाने प्लग काढून वायर गुंडाळून दिल्याशिवाय कुणीही कूलरला हात लावायचा नाही, आणि मोटर उघडायची नाही. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो. यात सूट नको.

आणखी एक. 14 वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला कायद्याने बंदी आहे आणि 2016 च्या दुरुस्तीनंतर 14 ते 18 च्या मुलांना धोक्याची कामं देता येत नाहीत. म्हणून लहानांना लोकांच्या घरी पाठवू नका. त्यांना रंगकाम द्या. तान्हा पोळ्याआधी, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याआधी, लाकडी नंदी रंगवून, झूल शिवून, घुंगरू बांधून द्यायची ऑर्डर घ्या. आपल्याकडे घरोघरी नंदी असतो आणि बऱ्याच नंद्यांचा रंग उडालेला असतो. त्या दिवशी नंदी घेऊन घरोघरी फिरल्यावर मिळालेला बोजारा (खुशीचे पैसे) डब्यात टाकायचा की नाही, हे मात्र ज्याच्या त्याच्यावर सोडा.

दिवाळीआधी रद्दी आणि उटणं. रद्दीला भांडवल लागत नाही, फक्त महिनाभर आधी घरोघरी सांगून ठेवावं लागतं. उटणं इतवारीच्या बाजारातून ठोक आणून पुड्या बांधता येतील. संत्र्याचाही मोह होईल: कळमन्याच्या बाजारातून आणून डझनावर विकू म्हणून. जरूर विका, पण आधी ऑर्डर आणि मगच माल. न विकलेली संत्री चार दिवसांत मऊ पडतात आणि मुलांची मेहनत त्यांच्यासोबत जाते.

पावती पुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागू नका, असं मला ठामपणे वाटतं. गणेश मंडळांनाही त्यासाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. आणि मागून आणलेल्या पैशापेक्षा घासलेल्या कूलरचा पैसा मुलांना वेगळीच ताठ मान देतो. हे मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलंय. ओळखीच्या दुकानदाराला मदत करायचीच असेल तर चिवडा, औषधांची पेटी, टॉर्च अशा वस्तू मागा.

पैसे कुणा एकाच्या मोबाइलवर जमा होऊ देऊ नका. दोन पालकांचं संयुक्त खातं ठेवा, वही मात्र मुलांनीच लिहायची, आणि दर रविवारी त्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. हिशोब लिहिणाऱ्या मुलीचे तास कूलर घासणाऱ्याच्या तासांइतकेच मोजा.

एक तारीख लक्षात ठेवा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी सुरू होतं. 25 डिसेंबरला निघायचं असेल तर 26 ऑक्टोबरला तिकिटं खुलतील आणि नाताळच्या सुट्टीतल्या गाड्या लवकर भरतात. म्हणजे जाण्या-येण्याच्या भाड्यापुरते पैसे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खात्यात हवेत. आधी कूलर आणि नंदी, मग उटणं, हा क्रम त्यासाठीच.

आणि पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा: कुणी ऐनवेळी गळलं तर घरून दिलेल्या 1,000 मधून तिकीट रद्द करण्याचा खर्च वजा करून बाकी परत, डब्यातले पैसे गटाचेच राहतील. शिल्लक उरली तर ती पुढच्या सहलीत ज्यांना 1,000 झेपत नाहीत त्यांच्यासाठी ठेवा.