वाचकांचे प्रश्न : सकाळचा बाजार, दुपारची पडकी देवळे

कोकणातील एकदिवसीय सहलींविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीच्या चौदा मैत्रिणी, बहुतेक साठीच्या पुढच्या, जानेवारीत दोन रात्रींसाठी रत्नागिरीला उतरणार आहोत. त्यातला एक दिवस मार्गदर्शक घेऊन जुना बाजार आणि प्राचीन देवळांचे अवशेष पाहण्याचा विचार आहे. एका सहलवाल्याच्या पत्रकात मिरकरवाडा बंदर, आठवडा बाजार, थिबा राजवाडा, कसबा संगमेश्वर, राजवाडीची गरम पाण्याची कुंडे, मार्लेश्वर आणि परतताना गणपतीपुळे अशी सात ठिकाणे एका दिवसात दाखवू, असे म्हटले आहे. हे जमेल का?

उत्तर : गाडीच्या काचेतून पाहायचे असेल तर जमेल. अशाच एका सहलीला मी स्वतः पैसे मोजून गेलो होतो. बाजारात पोहोचलो तेव्हा बायका रिकाम्या पाट्या एकमेकींत घालून उठत होत्या, आणि देवळापाशी आम्हाला जी पंचवीस मिनिटे मिळाली त्यातली दहा चपला काढण्या-घालण्यात आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढण्यात गेली. त्यामुळे माझा सल्ला एवढाच की एका दिवसाला एक बाजार आणि अवशेषांचे एकच स्थळ ठेवावे, म्हणजे सकाळी रत्नागिरीचा बाजार आणि नंतर कसबा संगमेश्वर, आणि उरलेल्या ठिकाणांवर निःसंकोच फुली मारावी. मार्लेश्वर हे सह्याद्रीच्या कुशीतले, पायऱ्या चढून जायचे स्थान आहे आणि गणपतीपुळे समुद्रकाठी आहे. ही दोन्ही एका दिवसात कोंबणाऱ्याने नकाशा पाहिला असेल, पण आपले गुडघे विचारात घेतलेले नाहीत.

आधी वार ठरवावा. कोकणात सोमवार, गुरुवार आणि शनिवार पाळणारी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे त्या दिवशी मासळीबाजाराला जोर नसतो. उलट रविवार, बुधवार आणि शुक्रवारी तो भरून वाहतो. सोमवारी शिवाच्या देवळात मात्र गर्दी असते. म्हणजे दोन्ही गोष्टी निवांत पाहायच्या तर बुधवार किंवा शुक्रवार उत्तम. ‘आठवडा बाजार’ हे रत्नागिरीत शहराच्या एका भागाचेच नाव होऊन बसले आहे, तेव्हा रिक्षावाल्याने तिथे सोडले म्हणजे त्या दिवशी बाजार भरलेला असेलच असे नाही. जिथे उतरणार आहात तिथल्या यजमानांना बाजाराचा वार आधी विचारून मगच तारीख पक्की करावी.

वेळ सकाळची, आणि तीही खरोखरची सकाळ. मिरकरवाड्याला साडेसहा-सातपर्यंत पोहोचावे, तिथला गलबला तासभर पाहावा आणि मग भाजीच्या बाजारात यावे. मासळी तिथेच विकत घ्यायची की नाही, हा प्रश्न पत्रकात कधीच नसतो आणि प्रत्यक्षात मात्र सर्वांत आधी उभा राहतो. ताज्या सुरमईची पिशवी मांडीवर घेऊन शिवमंदिरात जायला आपल्यातल्या निम्म्या जणी तयार होणार नाहीत, आणि दुपारच्या उन्हात बंद गाडीत ती पिशवी ठेवली तर परतीचा प्रवास सगळ्यांच्याच लक्षात राहील. म्हणून मासे फक्त पाहावेत. घ्यायचेच असतील तर बर्फ घातलेला थर्माकोलचा खोका गाडीच्या मागच्या बाजूला असू द्यावा. सोडे, सुकट आणि बोंबील हेही दोन पिशव्यांत घट्ट बांधून तिथेच ठेवावेत.

जानेवारीत बाजारात नवे कुळीथ आणि नवी नाचणी आलेली असते, लाल माठाच्या जुड्या असतात, आणि आमसुले गेल्या हंगामातली असतात. आमसूल घेताना ते बोटांत दाबून पाहावे. चांगले आमसूल काळसर आणि मऊ असते, मिठाची किंचित ओल बोटाला लागते. कडक होऊन तुटणारे असेल तर ते फार काळ उघड्यावर पडून होते असे समजावे. ओले काजूगर मात्र फेब्रुवारी-मार्चच्या आधी मागू नयेत. मासे आणि भाजी इथे अजूनही वाट्याने विकली जाते, तेव्हा किलोचा भाव विचारून विक्रेतीला कोड्यात टाकण्यापेक्षा ‘वाटा कसा दिला?’ असे विचारावे. आणखी एक गोष्ट पाळावी : सकाळी पाटी नुकतीच उतरवलेल्या बाईला भाव विचारून, घासाघीस करून, काहीच न घेता पुढे जाऊ नये. तिची भवानी, म्हणजे दिवसाची पहिली विक्री, अजून व्हायची असते.

साडेनऊपर्यंत न्याहारी उरकून निघालात तर हातखंब्यावरून महामार्गाने तासा-सव्वातासात संगमेश्वर येते आणि कसबा तिथून जवळच आहे. मार्गदर्शकाची खरी परीक्षा या प्रवासात होते, कारण सकाळी पाहिलेला बाजार आणि आता पाहायची देवळे यांचा संबंध त्याने इथेच सांगायला हवा. शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. एकेकाळी त्या खाडीतून गलबते पुष्कळ आत, संगमेश्वराच्या आसपास येत असत, आणि इथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जात असे. नदी गाळाने भरत गेली तसे बंदर खाली फुणगूसकडे सरकले. जिथे माल उतरतो आणि जकात बसते तिथे पैसा थांबतो, आणि दोन नद्यांचा संगम असेल तर तीर्थही होते. कसब्यासारख्या आज लहानशा वाटणाऱ्या गावात इतकी देवळे का, या प्रश्नाचे उत्तर मला तरी नेहमी त्या खाडीतच सापडते.

शास्त्री आणि अलकनंदा यांच्या संगमाजवळच्या या गावात कर्णेश्वराचे देऊळ हे मुख्य आणि उभे आहे, आणि तिथे नित्य पूजाही चालते, म्हणून त्याला अवशेष म्हणणे बरोबर नव्हे. अवशेष आहेत ते त्याच्या आसपास विखुरलेल्या, झाडोऱ्यात अर्धवट बुडालेल्या लहान देवळांचे. परंपरा कर्णेश्वराचे श्रेय कर्ण नावाच्या चालुक्य राजाला देते. मंडपाचे कोरीव खांब आणि छत पाहायला मान वर करून निदान अर्धा तास तरी द्यावा, आणि त्यासाठी छोटी बॅटरी जवळ बाळगावी, कारण बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर पहिली काही मिनिटे डोळ्यांना काहीच दिसत नाही. १ फेब्रुवारी १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराज याच संगमेश्वरात मोगलांच्या हाती लागले, आणि त्यांचे स्मारकही इथे आहे. तो प्रसंग मार्गदर्शकाने सांगितलाच पाहिजे. पण जो मार्गदर्शक १६८९ मध्येच सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो, त्याने आधीच्या पाच-सहा शतकांचे पैसे आपल्याकडून उगाच घेतले, असे माझे मत आहे.

जेवण संगमेश्वरात करावे, आणि गटाला मोठी खानावळ लागणार असल्यास आदल्या दिवशी कळवून ठेवावे. चार वाजता परत फिरलात तर दिवेलागणीच्या आत रत्नागिरीत पोहोचाल.

प्रश्न : पडक्या देवळांत नेमके पाहायचे काय, हेच आम्हाला कळत नाही. चार दगड, एक जोते, एखादी झिजलेली मूर्ती. मार्गदर्शक ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ असे सांगून मोकळा होतो.

उत्तर : पांडवांवर कोकणाने एवढी बांधकामे लादली आहेत की त्यांना वनवासात दुसरे काही करायला सवडच मिळाली नसावी. ही कथा ऐकून घ्यावी, ती गावाची आहे. पण त्यानंतर मार्गदर्शकाला एक साधा प्रश्न विचारावा : हा दगड कुठला? कोकणात घर असो, विहीर असो की गडगा, म्हणजे दगडी कुंपण असो, दगड जांभा. तो खाणीतून काढताना मऊ असतो आणि वारा लागला की टणक होतो, पण त्याचे अंग भोकाभोकांचे असल्याने त्यावर बारीक नक्षी टिकत नाही. कोरीव काम दिसते ते काळ्या पाषाणावर. त्यामुळे जांभ्याच्या गडग्यात किंवा विहिरीच्या काठाला मध्येच एखादा काळा, कडा घडवलेला चिरा दिसला तर थांबावे. एकदा मी अशाच एका विहिरीवर कपडे धुण्याचा दगड पाहिला होता. वरची बाजू साबणाने गुळगुळीत झालेली होती, पण खाली वाकून पाहिले तर एका अंगाला फुलांच्या वेलीची पट्टी स्पष्ट होती. तो कधीकाळी दाराच्या चौकटीचा, म्हणजे द्वारशाखेचा तुकडा होता.

दुसरी खूण पाण्याची आहे. शिवाच्या देवळात अभिषेकाचे पाणी बाहेर नेणारी नाळ, प्रणाल, बहुधा उत्तरेकडे काढलेली असते. भिंती, शिखर सगळे गेलेले असले तरी जोत्याच्या दगडात ही पन्हाळी किंवा पिंडीच्या पीठाची चोच अनेकदा शिल्लक राहते. ती सापडली की उत्तर कळली, उत्तर कळली की देवळाचे तोंड पूर्वेला की पश्चिमेला हे ठरवता येते, आणि मग गाभारा कुठे, गाभारा आणि मंडप यांना जोडणारे अंतराळ कुठे, मंडप कुठवर पोहोचत होता हे आपले आपणच पावलांनी मोजता येते. मुलांना हा खेळ फार आवडतो. मोठ्यांनाही आवडतो, पण ते तसे म्हणत नाहीत.

तिसरी गोष्ट म्हणजे आवारातले सुटे उभे दगड. वर चंद्र-सूर्य आणि खाली लढाईचे दृश्य असेल तर तो बहुधा वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड; कोपरात वाकलेला बांगड्यांचा हात असेल तर सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या स्त्रीचा. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली गाढवाचे चित्र असेल तर ती गधेगळ, म्हणजे दिलेले दान मोडणाऱ्याला घातलेली उघडीवाघडी शिवी. शिलाहार या कोकणच्या जुन्या राजघराण्याच्या काळातील अशा शिळा उत्तर कोकणात बऱ्याच मिळाल्या आहेत. अलिबागजवळच्या आक्षी गावातील मराठी शिलालेखाचा काळ शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा वाचला गेला असून या वाचनावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण आजच्या रस्त्यालगत उभे राहून हजार वर्षांपूर्वीच्या मराठीकडे पाहण्याचा योग त्यामुळे कमी होत नाही.

आणि पडलेले देऊळ वाचण्याआधी एक उभे देऊळ नीट पाहून ठेवावे. डोंबिवलीच्या ज्या भगिनींनी वर पत्र लिहिले आहे त्यांच्यासाठी हे लोकलच्या काही स्थानकांवर आहे : अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर, ज्यातील लेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तिथे गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते, आणि शिखराचा वरचा भाग आज नाही; पण बाह्यभिंतीवरचे थर एकावर एक कसे रचत जातात हे तिथे जितके स्वच्छ समजते तितके कुठल्याही आकृतीवरून समजणार नाही. रत्नागिरीला निघण्याआधीचा एक रविवार त्याला द्यावा.

प्रश्न : शाळेला सुट्टी मिळते म्हणून जूनमध्ये अशी सहल काढली तर?

उत्तर : काढू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावर नांगरलेल्या होड्या आणि ताडपत्र्या एवढेच दिसते. अवशेषांवर शेवाळ धरते, गवत कमरेएवढे वाढते, आणि रत्नागिरी जिल्हा फुरशांसाठी, म्हणजे त्या छोट्या विषारी सापांसाठी, प्रसिद्ध आहे हे विसरून दगडांच्या फटीत हात घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत. दिवाळीनंतर गवत वाळले की जावे, आणि तेव्हाही पायात बूट असावेत. मे महिन्याचा एकच फायदा म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचा बाजार, सुक्या मासळीच्या राशी आणि आमसुलांच्या गोण्या. तो पाहायचा असेल तर अवशेष सकाळी आठच्या आत उरकावेत.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी सहलीत एका पडक्या देवळाजवळ मुलाला कोरीव दगडाचा विटेएवढा तुकडा सापडला. तो तसाच पडून होता म्हणून आम्ही घरी आणला आणि सध्या तो तुळशीजवळ ठेवला आहे. यात काही गैर आहे का?

उत्तर : आहे. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षे किंवा त्याहून जुने शिल्प, अगदी त्याचा तुकडाही, पुरावस्तू ठरतो, आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान वस्तूची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी असे सांगणारा कायदा तर १८७८ पासून आहे. कायदा बाजूला ठेवला तरी नुकसान उघड आहे : तो तुकडा जिथे पडला होता तिथे तो कशाचा आहे हे शेजारच्या दगडांवरून सांगता आले असते, आपल्या तुळशीजवळ ते कोणालाच सांगता येणार नाही. तो धुऊ, घासू किंवा रंगवू नये, शेंदूर तर मुळीच लावू नये. कोणत्या गावात, देवळाच्या कोणत्या बाजूला सापडला हे मुलाला आठवते तेवढे कागदावर लिहून घ्यावे, तुकड्याची चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाच्या जवळच्या कार्यालयाला लेखी कळवून ते सांगतील तसे करावे. त्याच गावी परत नेऊन ठेवण्याचे ठरले, तर गावच्या गुरवांना आधी निरोप द्यावा आणि मुलालाही बरोबर न्यावे, कारण नेमकी जागा त्यालाच दाखवता येईल.