वाचकांचे प्रश्न : खताचा हौद, वड्याचे तेल, पीओपीचा गणपती

प्रश्न : आमच्या सोसायटीत 60 घरे आहेत. ओल्या कचऱ्यासाठी तीन फूट लांब, रुंद आणि उंच असे दोन जाळीदार विटांचे हौद बांधले. दुसऱ्याच महिन्यात दुर्गंधी, अळ्या आणि खालून काळे पाणी सुरू झाले. पहिला हौद उपसायला घेतला तर आत अर्धवट कुजलेला लगदा होता. सभासद आता हौद बुजवून 24 तासांत खत देणारे मशीन घ्या म्हणतात. काय करावे?
– संस्थेचे सचिव, डोंबिवली

उत्तर : मशीनचे नंतर बघू. आधी हौदांचा हिशेब करा, कारण चूक तिथेच आहे. घरामागे रोज सुमारे अर्धा किलो ओला कचरा धरला तर तुमच्याकडे 25 ते 30 किलो जमतो. त्यात सुका पाला मिसळला की रोजचे आकारमान साधारण 100 लिटर होते. तुमच्या एका हौदात साडेसातशे लिटर मावते. ढीग दबत जातो हे धरूनही हौद दोन आठवड्यांत भरतो. म्हणजे दुसरा भरेपर्यंत पहिल्याला जेमतेम 14 दिवस मिळतात आणि खत तयार व्हायला लागतात 35 ते 45. पहिला हौद कच्चा निघाला यात नवल नाही. तुम्हाला चार हौद हवेत: एक भरता, तीन मुरते.

वासाचे कारण पाणी. भाज्यांची देठे, फळांची साले, उरलेला भात अशा 10 किलो कचऱ्यात जवळजवळ 8 किलो पाणीच असते. एवढ्या ओलीत हवा शिरत नाही, ढीग सडतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास सुटतो. 10 किलो कचऱ्याला 2 ते 3 किलो सुका पाला किंवा भुसा घाला. पाला चुरडून घ्या. अख्खी पाने एकमेकांना चिकटून थर धरतात आणि हवा अडवतात. मग मूठभर मिश्रण घट्ट दाबून पाहा. बोटांमधून एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर आहे. धार लागली तर आणखी पाला घाला. मूठ उघडताच ढेकूळ विस्कटले तर पाणी शिंपडा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर नत्र जास्त झाले असे समजा. त्यावरही उपाय पाला किंवा भुसाच.

भुसा वखारीतून आणा, पण साध्या लाकडाचा. प्लायवूड आणि एमडीएफच्या भुशात डिंकाची रसायने असतात, तो नको.

ढीग तीन-चार दिवसांत तापला पाहिजे. लोखंडी सळई मध्यभागी खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर आत 55 ते 60 अंश आहेत. रोगजंतू आणि तणांचे बी याच तापमानाला मरते. सळई कोमट लागली तर ढीग खालीवर करा. भरत्या हौदातला माल दर तीन दिवसांनी हलवायचाच, मुरत्या हौदातला आठवड्याने. हे काम सफाई कामगाराच्या रोजच्या कामात नुसते ढकलू नका. त्याला त्याचे वेगळे पैसे, हातमोजे आणि लांब दांड्याचा काटेफावडा द्या. बहुतेक सोसायट्यांचे हौद कामाला ठरलेला माणूस नसल्यामुळे बंद पडतात.

अळ्यांना घाबरू नका. त्या बहुधा काळ्या सोल्जर माशीच्या असतात. त्या कचरा खातात, रोग पसरवत नाहीत. मात्र त्या फार झाल्या याचा अर्थ वरचा थर ओला आणि उघडा आहे. रोजचा कचरा टाकल्यावर वर दोन इंच सुका पाला पसरा. नारळाच्या करवंट्या, हाडे आणि आंब्याच्या कोयी वेगळ्या ठेवा. निर्माल्य चालेल, पण हारांचे दोरे आधी काढा, नाहीतर ढीग हलवताना ते काट्याला गुंडाळतात.

पावसाळ्याची तयारी पानगळीतच करावी लागते. जूनपासून चार महिन्यांत तुम्हाला 750 किलोच्या आसपास सुका पाला लागेल. गोणीत आठ-दहा किलो चुरा मावतो असे धरले तर 80 ते 90 गोण्या झाल्या. तेव्हा फेब्रुवारी ते मे आवारातला पाला जाळणे आधी थांबवा. हौदांवर पत्र्याचे छत हवेच. खालचे काळे पाणी उघड्या गटारात सोडू नका. बादलीत धरून पुन्हा सुक्या ढिगावर शिंपडा.

आता मशीन. 24 तासांत जे बाहेर येते ते वाळवून दळलेला कचरा असतो, खत नव्हे. ते ओले झाले की पुन्हा कुजू लागते, तापते आणि कुंडीतल्या मुळांना इजा करते. विक्रेत्याने दाखवलेला नमुना घरी आणा, ओला करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. मातीचा वास आला तर खत, आंबूस आला तर कच्चा माल. शिवाय 25 किलो कचऱ्यातले सुमारे 20 लिटर पाणी उष्णतेने उडवायला कमीत कमी 13-14 युनिट वीज लागतेच. यंत्रातली गळती धरली तर त्याहून अधिक. जागा अजिबात नसेल तर मशीन समजू शकते, पण त्यातून निघालेला माल पुढे महिनाभर मुरवायची सोय तरीही हवी. अशा सोयीसाठी जागा असेल तर तिथे हौदच का नको?

प्रश्न : माझे वडा-भजीचे छोटे दुकान आहे. रोज आठ-दहा लिटर तेल लागते. वापरलेले तेल मोरीत ओतू नये हे कळते, पण मग त्याचे करू काय? मोरीही वरचेवर तुंबते.
– एक वाचक, सांगली

उत्तर : तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे, म्हणजे तळताना तयार होणारे खराब घटक, 25 टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांना तेलाची नोंद ठेवावी लागते. तुम्ही त्याच्या खाली आहात, पण 25 टक्क्यांची मर्यादा तुम्हालाही आहे. ती तपासायच्या पट्ट्या मिळतात.

तेल टिकवायचे असेल तर आच 180 अंशांच्या वर जाऊ देऊ नका. बेसनाचे जळके कण झाऱ्याने सतत काढा आणि दिवसअखेर तेल गाळा. मीठ कढईवर भुरभुरू नका. लोखंड आणि तांबे तेल लवकर खराब करतात, म्हणून जाड स्टीलची कढई बरी. कालच्या काळ्या तेलात आजचे ताजे ओतत राहणे ही सर्वांत महाग सवय: ताजेही त्याच वेगाने बिघडते.

निकामी तेल थंड करून गाळा आणि झाकणाच्या कॅनमध्ये साठवा. त्यात पाणी जाऊ देऊ नका. बायोडिझेल करताना तेलात पाणी असले की साबण तयार होतो आणि खरेदीदार भाव पाडतो. प्राधिकरणाने ‘रुको’ या नावाने 2018 मध्ये असे तेल गोळा करण्याची योजना सुरू केली. तिच्यात नोंदलेल्या संकलकालाच तेल द्या आणि पावती घ्या. दारावर येऊन जास्त भाव देणाऱ्या अनोळखी माणसाला देऊ नका. ते तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जाण्याची शक्यता असते.

मोरीसाठी ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणारी पेटी, बसवा. आधी जाळीची टोपली, मग दोन कप्पे. बाहेर जाणारा पाइप टी आकाराचा असावा आणि त्याचे खालचे तोंड पाण्यात बुडलेले असावे, म्हणजे वर तरंगणारे तेल आतच राहते. वरचा तेलाचा थर आणि तळाचा गाळ मिळून पेटीतल्या पाण्याच्या खोलीच्या चौथ्या हिश्शाला पोचले की साफ करा. उकळते पाणी ओतून मोरी ‘मोकळी’ करू नका: तेल वितळून पुढे जाते आणि रस्त्याखालच्या पाइपात गोठते.

प्रश्न : घरचा गणपती पीओपीचा आहे. बादलीत सोडा घालून विसर्जन करतात म्हणे. गेल्या वर्षी खायचा सोडा घातला, मूर्ती तशीच राहिली.
– एक वाचक, पुणे

उत्तर : खायचा सोडा चालत नाही. लागते ते अमोनियम बायकार्बोनेट. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने ही पद्धत पुढे आणली आणि पुणे महापालिकेने ते वाटलेही आहे. पीओपी म्हणजे कॅल्शियम सल्फेट. या क्रियेत त्याचे खडूसारखे कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होते.

मूर्तीच्या वजनाइतके अमोनियम बायकार्बोनेट घ्या. मूर्ती बुडेल एवढे पाणी प्लास्टिकच्या बादलीत घेऊन त्यात ते विरघळवा आणि मूर्ती सोडा. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळा. न ढवळल्यास वर खडूची साय धरते आणि क्रिया अडते. साधारण 48 तास लागतात, मोठ्या मूर्तीला जास्त. अमोनिया सुटतो, म्हणून बादली गच्चीत ठेवा, बंद न्हाणीघरात नाही.

वरचे पाणी ‘खत’ म्हणून तसेच तुळशीला घालू नका. दोन किलोच्या मूर्तीतून सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट निघते. ते दहा लिटर पाण्यात असेल तर रोपे जळतील. एक लिटरला पन्नास लिटर साधे पाणी मिसळून शोभेच्या झाडांना द्या. रंगांचा भरवसा नसतो, तेव्हा भाजीपाल्याला नको. तळाचा गाळ वाळवून सुक्या कचऱ्यात द्या.

प्रश्न : दुकानातली ‘कंपोस्टेबल’ पिशवी सोसायटीच्या हौदात टाकावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नको. अशा पिशव्यांची चाचणी 58 अंशांच्या आसपास, दीर्घकाळ टिकवलेल्या उष्णतेत होते. हौदाच्या कडेला तेवढी उष्णता कधीच नसते आणि पिशवीच्या चिंध्या महिनोन्महिने दिसत राहतात. कचरा डब्यातून थेट हौदात ओता. डब्याच्या तळाला वर्तमानपत्राची घडी टाकली की पिशवी लागत नाही.